धनुबाईची तळटीप

(तळोद्यातलं एक महाविद्यालय. ग्रंथालयाची मागची खोली. दुपारचे अडीच.)

रुपा: सव्वीस स्लाइड झाल्या, सर. पुढची तुम्ही दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या.

हेमकांत: आता काय झालं? उद्या अकराला माझी पीएचडीची मौखिकी आहे, रुपा. एका स्लाइडसाठी अडून बसतेस?

रुपा: पाचवं प्रकरण. पान दोनशे अकरा. खालची तळटीप.

हेमकांत: अगं, तीच तर महत्त्वाची आहे. सगळ्या प्रबंधात बाहेरच्या परीक्षकांना आवडली ती एवढी एक टीप. अहवालात त्यांनी लिहिलंय, संशोधकाचं मौलिक निरीक्षण. उद्या पहिला प्रश्न त्यावरच येणार बघ.

रुपा: मौलिक.

हेमकांत: तोंड का वाकडं करतेस?

रुपा: सर, हे काम मला दिलंत तेव्हा एकदा तरी डोक्यात आलं का, की धनुबाई माझी आजी?

हेमकांत: डोक्यात यायचं काय त्यात, माहीतच आहे. भिलाभाऊंची आई. म्हणून तर नाव घातलं. लोक 'एक ग्रामीण स्त्री' असं लिहून मोकळे होतात. मी नावानिशी नोंद केली.

रुपा: इंग्रजीत केली. आबा लायब्ररीत शिपाई. त्यांना कुठे वाचता येणार आहे.

हेमकांत: असा अर्थ काढू नकोस.

रुपा: मग तुम्हीच काढा. मराठीत सांगा काय लिहिलंय ते. माझं इंग्रजी कच्चं असेल.

हेमकांत: तुझं इंग्रजी कच्चं नाही. मी शिकवलंय.

रुपा: तर मग सांगा.

हेमकांत: आधी संदर्भ समजून घे. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत इंग्रजी साहित्यात बुद्ध कसा आला, हा माझा विषय. युद्धावरून परतलेला माणूस. मोठ्या शहरातला, सगळं असून झोप न लागणारा माणूस. तो कुठल्या तरी डोंगरात जातो, श्वास बघत बसतो, आणि त्याला शांतता सापडते. कवींनीही तेच केलं, ओळी लहान होत गेल्या, रिकामी जागा वाढत गेली. बुद्ध त्यांच्या भाषेच्या आत शिरला. आता पाचव्या प्रकरणात मी विचारतो, की जिथे हा धर्म माणसांनी प्रत्यक्ष घेतला, आपल्याकडे, तिथे काय झालं?

रुपा: आणि उत्तर?

हेमकांत: उत्तर प्रबंधात आहे.

रुपा: मी वाचते. 'खानदेशातल्या धर्मांतरित समाजात बौद्ध धर्म म्हणजे अर्थ न कळता उरलेला उच्चार. उदाहरणार्थ, धनुबाई नावाची एक निरक्षर बाई 'सब्बे सत्ता सुखी होन्तु' यातल्या 'सत्ता' या पाली शब्दाचा अर्थ राजसत्ता असा लावत असे. सर्व प्राणिमात्र सुखी होवोत, या करुणेचं तिच्या अज्ञानात राजकीय घोषणेत रूपांतर झालं. इंग्रजी कादंबरीच्या नायकाला सापडलेली शांतता बुद्धाच्या या लेकरांना परकीच राहिली.' बरोबर केलं का भाषांतर?

हेमकांत: इंग्रजीत ते इतकं कठोर वाटत नाही.

रुपा: हो ना. इंग्रजीत छानच वाटतं.

हेमकांत: रुपा, चूक ती चूकच. 'सत्ता' म्हणजे जीव. सत्त्व. पाली कोशात बघ.

रुपा: बघितलंय. पण ती निरक्षर नव्हती. पन्नाशीत वाचायला शिकली. वंदनेच्या पुस्तकावर बोट ठेवून वाचायची, मी शेजारी बसायची. ऐकून नुसतं पाठ केलं असतं ना, तर 'सत्ता'पाशी ती अडलीच नसती. वाचत होती, समजून घेत होती, म्हणून चुकली. बाकी सगळी गल्ली न अडता म्हणायची.

हेमकांत: हा मुद्दा चांगला आहे.

रुपा: मुद्दा नाही हो सर, आजी आहे माझी. आणि तुमच्या त्या नायकांचं सांगू? सगळ्यांकडे सोडून जायला घर होतं. परत यायला तिकिटाचे पैसे होते. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते हेच.

हेमकांत: त्या पुस्तकांची टिंगल करू नकोस. अकरा वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवतोय. दर जूनला हात जोडायचे, दर एप्रिलला घरी बसायचं. बायको माहेरी निघून गेली होती, तेव्हा त्या पुस्तकांनी सावरलं मला. ती माझ्यासाठी नुसता विषय नाहीत.

रुपा: ते मला पटतं. वर्गात तुम्ही शिकवता तेव्हा दिसतं ते. म्हणून तर जास्त लागलं.

हेमकांत: भिलाभाऊंना सांगितलंस का?

रुपा: कोणत्या तोंडाने सांगू? दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच त्यांना म्हणालात, भिलाभाऊ, तुमच्या आईचं नाव ग्रंथात घातलंय. त्या दिवशी पेढे वाटले त्यांनी. आख्ख्या गल्लीला सांगितलं, मायचं नाव इंग्रजी ग्रंथात आलं. उद्या माझ्या दोन्ही आत्या येणार आहेत, पांढऱ्या साड्या नेसून. गल्लीतले आणखी सात-आठ जण. जीप ठरवलीय. आणि तुम्ही पडद्यावर दाखवणार, ही बघा अडाणी बाई. एक तर ते काढा, नाही तर आबांना स्वतःच्या तोंडाने सांगा. माझे इंटर्नलचे मार्क तुमच्या हातात आहेत, तरी बोलतेय.

हेमकांत: मार्कांचं मध्ये आणू नकोस, मी तसला माणूस नाही. पण काढू कसं? प्रबंध विद्यापीठात गेलाय, बांधून.

रुपा: गप. आबा आले.

भिला: सर, साठ खुर्च्या लाई दिन्यात हॉलमा. पहिली रांग पाव्हनास्नी. पंखा एक बंद शे, वायरमनले फोन करा. उदेसिंग बापूस्ना बी फोन व्हता, ईस जन येतस म्हने गावथाईन. त्यास्ले बी पुढेच बसाडसूत.

हेमकांत: काका येतायत का? मला म्हणाले होते, बघू.

भिला: येतीन ना. पुतन्या डॉक्टर व्हई ऱ्हायना. हार-गुच्छ बठ्ठं लई येतस. काय झायं? मी उनू तं दोन्हीजन गप.

रुपा: काही नई, आबा. स्लाइडनं काम चालू शे.

भिला: मंग बरं. सर, आते येळ शे तं एक काम करा. मायना बारेमा जे लिखेल शे, ते माले वाची दखाडा. उद्या गर्दीमा ऐकू येवाव नई.

हेमकांत: आत्ता?

भिला: मराठीमा सांगा. मन्ह्या बहिनी इचारतीन, काय लिखं. माले सांगता यावाले पाहिजे.

हेमकांत: त्यात... त्यात असं म्हटलंय, की धनुबाई रोज संध्याकाळी वंदना म्हणत. आणि प्रत्येक शब्दाला स्वतःचा अर्थ देत. त्यांची श्रद्धा साधी होती.

भिला: साधी. आनि?

हेमकांत: आणि निर्मळ.

भिला: निर्मळ कोठे शे, सर? माले तं भेटनं नई.

हेमकांत: म्हणजे?

भिला: आठ दिन झायात, ग्रंथ आठेच ठेवेल शे ना, लोकेस्नी वाचाले. नियम शे. शिक्का मीच मारा. मायनं नाव माले इंग्रजीमा वाचता येस, तिना पासबुकवर व्हतं. पानं उलटाडत बठनू, दोनशे अकरावर भेटनं. मंग जेवानी सुट्टीमा डिक्शनरी लिसन बठनू. बारा ओळी शेत. चार दिन लागनात.

रुपा: आबा, तुमले मालूम व्हतं?

भिला: 'इग्नोरन्स' हाऊ शब्द दुसराच दिनले भेटना. पहिले वाटनं, मीच चुकनू. तीन डिक्शनऱ्या देख्यात.

रुपा: मंग माले काबर नई सांगं?

भिला: तू सरनं काम करी ऱ्हायनी व्हती, खुशीमा. तुले कसं सांगू.

रुपा: मी आठे दोन दिन रडी ऱ्हायनी, का आबाले कसं सांगू. आनि तुमी...

भिला: दोन्ही बापलेकी सारखाच शेतस, जाऊ दे.

हेमकांत: भिलाभाऊ, मी... तुम्हीच तर सांगितलं होतं मला हे. इथेच बसून, चहा पिताना. तुम्ही स्वतः हसत होतात.

भिला: हासनू. मी माय आठवीसन हासनू. तुमी बी हासनात, माले वाटनं, तुमले बी ती आठवनी. तुमी कसावर हासनात, ते माले आते डिक्शनरीमा समजनं.

हेमकांत: तसं नव्हतं हो ते.

भिला: तवय मी पुढलं बी सांगं व्हतं, सर. ते नई लिखं.

हेमकांत: काय पुढलं?

भिला: मी तिले म्हनेल व्हतं, माय, सत्ता म्हंजे जीव, बठ्ठा जीव सुखी होवोत, असं शे ते. भन्तेजीस्नी सांगेल शे. तं ती काय बोलनी? बोलनी, व्हई भाऊ, भन्तेजी खरंच सांगतस. पन बुद्ध बी राजाना पोऱ्या व्हता ना. त्यानाकडे राज व्हतं, मंग त्यानी सोडं. आमले बी आगोदर भेटू द्या, मंग सोडसूत. भेटेल नई ते सोडानं कसं?

रुपा: हे तुम्ही सरांना सांगितलं होतं?

भिला: सांगं. सर बोलनात, वा, भिलाभाऊ, वा.

हेमकांत: ते माझ्या वहीत आहे. लिहून घेतलं होतं.

रुपा: मग?

हेमकांत: विषयात बसत नव्हतं.

रुपा: सर, सगळा प्रबंध ह्याच्यावरच आहे. कोण सोडतं आणि कोणाला सोडायला काही असतं. तुमच्या सव्वीस स्लाइड मी केल्यात, एकीवर पण हे नाही.

हेमकांत: तेव्हा मला तसं दिसलं नाही. प्रकरणाला एक टोक हवं होतं. तिकडे शांतता, इकडे गोंगाट. मांडणी नीट दिसते त्याने.

भिला: आनि खुर्चीनं?

हेमकांत: भिलाभाऊ, ते नको.

रुपा: कोणती खुर्ची?

भिला: तुले नई मालूम. तवय तुन्हा जलम बी नई व्हता. तुन्ही आजी आमना गावनी सरपंच व्हती. राखीव जागा निंघनी, बापूस्नी तिले उभं करं. बापू उपसरपंच. तिना शिक्का ती पदरले बांधीसन ठेवे, पन अडीच वरीस ती पंचायतमा दारजवळ खाले बठनी. सरपंचनी खुर्चीवर बापू बठेत. सही करानी येळ झाई, का कागद खाले येत.

रुपा: बापू म्हणजे...

हेमकांत: माझे काका. उदेसिंग काका.

रुपा: उद्या हार घेऊन येणारे?

हेमकांत: हो.

भिला: सरनी देखेल शे बठ्ठं. पाचवीमा व्हतात. काकाले जेवाले बलावाले येत. माय दारमा बठेल ऱ्हाये, तं तिले वलांडीसन मझार जात.

हेमकांत: मी लहान होतो.

भिला: लहान व्हतात. तेनं मी काही म्हंतबी नई. माय हासे, म्हने, देख, पाटलाना पोऱ्या कसा हरनसारखा उडी मारस. पन मंग ती वंदना म्हनाले बसे, आनि सत्ता आनी का थांबी जाये. तुमी लिखं का तिले समजनं नई. तिले जे समजनं ते तुमले मालूम व्हतं, सर. गावमा दुसरं कोनले नसीन, पन तुमले व्हतं.

हेमकांत: मालूम व्हतं.

रुपा: सर...

हेमकांत: मालूम व्हतं माले. लिखताना बी मालूम व्हतं. ती टीप मी एका बैठकीत लिहिली, आणि लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं. का बरं वाटलं, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. ती अडाणी ठरली की दारातलं सगळंच मिटत होतं ना. लाज वाटतेय, भिलाभाऊ.

भिला: वाटू द्या.

हेमकांत: पण मी करू काय? उद्या उभं राहून म्हटलं की ही टीप चुकीची आहे, तर पाचवं प्रकरण पडतं. परीक्षकांनी तीच उचलून धरलीय. दुरुस्तीला परत पाठवतील, सहा महिने, वर्षही. जूनमध्ये इथे एकच जागा निघणार आहे. हातात पदवी नसेल तर मुलाखतीलाही बोलावणार नाहीत. चाळिशी आली माझी.

रुपा: आणि काका समोर.

हेमकांत: आणि काका समोर. माझी फी त्यांनी भरलीय, पाचवीपासून. असं करू का, उद्या मी तोंडी विनंती करतो की नाव वगळायचंय. नुसतं 'एक स्त्री' करू. अंतिम प्रतीत कुणाला कळणारही नाही कोण ते.

भिला: नाव काढशात?

हेमकांत: तुमची बदनामी टळेल.

भिला: मन्ही माय चाळीस वरीस दुसऱ्यास्ना वावरमा निंदत व्हती. तिना नाववर एक गुंठा नई. तिनं नाव छापेल असं बठ्ठा जगमा एकच कागद शे आते, तुमना. तोबी कोरा करशात?

हेमकांत: मग काय करू ते सांगा तरी.

भिला: मी काय सांगू. मी शिपाई मानूस. पन उद्या माले एक प्रश्न इचाराना शे.

हेमकांत: तुम्हाला?

भिला: खुली मौखिकी शे ना. नोटीस मीच चिटकाडी, तिनावर लिखेल शे, उपस्थितांपैकी कोणीही प्रश्न विचारू शकतो. चार येळा वाचं मी ते. पाव्हनास्ना प्रश्न झायात का मी हात वर करसू. इतलंच इचारसू, सर, धनुबाई कोन व्हती, ते मराठीमा सांगा. बस.

रुपा: आबा, खरंच इचारशात?

भिला: इचारसू. तुन्ह्या आत्या येतीस, त्यास्ले आंग्रेजी नई समजाव.

हेमकांत: आणि मला हे आजच का सांगताय? उद्या सगळ्यांसमोर विचारलं असतंत तर मी उघडा पडलो असतो.

भिला: पेपर फोडी दिना तुमले. शिकाडेल मानूस शेतस, अभ्यास करा. माले तुमले पाडानं नई शे, सर. मन्ही पोर तुमनाकडेच शिकी ऱ्हायनी.

हेमकांत: मी उत्तर दिलं नाही तर?

भिला: तं नई दिनं. मी खाले बठी जासू. आमले सवय शे. बहिनीस्ले मीच काहीतरी सांगसू, निर्मळ बिर्मळ.

हेमकांत: असं बोलू नका.

भिला: खोटं थोडी बोलनू. वायरमन उना का देखी येस मी.

हेमकांत: थांबा. बसा, भिलाभाऊ. तिथे नाही, इकडे, खुर्चीवर बसा. रुपा, तुझ्याकडे कोरा कागद आहे का? मी सांगतो, तू लिही. उद्या मी कागदावरून वाचणार. न वाचता बोललो तर मधेच घसरेन, माझं मला माहीत आहे.

रुपा: सांगा.

हेमकांत: धनुबाई ही...

रुपा: 'ही'?

हेमकांत: खोड ते. धनुबाई या आमच्या गावच्या सरपंच होत्या.

रुपा: होत्या. इंग्रजीत हे अडलं नसतं तुमचं. 'शी' लिहिलं की झालं.

हेमकांत: हो. माझ्या घरात आजपर्यंत कुणी त्यांना 'होत्या' म्हटलेलं नाही. मीसुद्धा नाही. लिही पुढे. अडीच वर्षं. वाचायला त्या स्वतः शिकल्या, पन्नाशीत. 'निरक्षर' हा शब्द मी चुकीचा लिहिला. पुढे, सत्ता या शब्दाचा त्यांनी लावलेला अर्थ...

भिला: तेना आगोदर ते लिखा. नई तं कोनले समजाव नई, असा अर्थ तिनी काबर लावा.

हेमकांत: हो. आधी ते. लिही, पंचायतीत सरपंचाची खुर्ची होती. धनुबाईंना तिच्यावर एकदाही बसू दिलं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि प्रबंधात लिहिलेलं नाही.

रुपा: बसू दिलं नाही. कुणी?

हेमकांत: उपसरपंचांनी.

रुपा: नाव?

भिला: ऱ्हाऊ दे, रुपा. बापू पुढेच बठेल ऱ्हातीन. सरनं घर शे ते.

हेमकांत: नाही, भिलाभाऊ. धनुबाईंचं नाव मी इंग्रजीत इतक्या सहज लिहून टाकलं होतं ना. लिही, रुपा. उदेसिंग. पुढे आडनाव माझंच.